चिंध्या, पाणी आणि गाणं: मारिया त्सांडर्स यांच्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत कोलोनजवळच्या बेर्गिश ग्लाडबाख गावात तुम्ही व्हिला त्सांडर्स नावाचं कलासंग्रहालय पाहिलंत. तिथे मारिया त्सांडर्स हे नाव वाचलंत, पण 'कागद कारखान्याची मालकीण आणि कलेची आश्रयदाती' एवढ्यापलीकडे हाती काही लागलं नाही. या बाईंनी नेमकं काय केलं, आणि त्यात कला किती आणि श्रीमंत घरातली हौस किती?

मी पुण्यात जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. पोथ्या, दप्तरं, नकाशे, कुंडल्या, जे येईल ते. त्याआधी काही वर्षं हातकागदाच्या हौदावर उभी राहिले आहे. कामानिमित्त ऱ्हाइनच्या काठी काही आठवडे राहायला मिळालं, तेव्हा सुटीच्या दिवशी कोलोनहून लोकल पकडून मी ग्लाडबाखला जात असे. तिथल्या संग्रहालयापेक्षा आधी मी तिथला ओढा पाहिला आणि मला वाटतं बाईंना समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

ओढ्याचं नाव श्ट्रुंडे. हेरेनश्ट्रुंडेन या गावी तो चुनखडीच्या खडकातून झऱ्यासारखा उसळून वर येतो आणि जेमतेम वीस किलोमीटर वाहून कोलोनच्या म्युलहाइम भागात ऱ्हाइनला मिळतो. दिसायला आपल्याकडच्या एखाद्या पाटाएवढा. पण झऱ्याचं पाणी असल्यामुळे तो उन्हाळ्यात आटत नाही आणि हिवाळ्यात सहसा गोठत नाही. कागद करणाऱ्याला आणखी काय हवं? चाक फिरवायला वर्षभर पाणी आणि लगदा धुवायला स्वच्छ पाणी. म्हणून या इवल्याशा ओढ्यावर पिठाच्या, तेलाच्या, लोखंड ठोकण्याच्या आणि कागदाच्या अशा इतक्या गिरण्या बसल्या की लोक त्याला जर्मनीतला सर्वांत कष्टाळू ओढा म्हणू लागले. इथे कागद होऊ लागला तो 1582 पासून. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचे कागदी ज्या काळात ताव घोटत होते, त्याच काळात.

1829 मध्ये योहान विल्हेल्म त्सांडर्स यांनी याच ओढ्यावरच्या श्नाबेल्सम्यूले या गिरणीत आपल्या नावाची पेढी सुरू केली. दोनच वर्षांत, 1831 मध्ये, वयाच्या छत्तिशीत ते गेले. पुढचा कारभार त्यांच्या पत्नी युली यांनी सांभाळला आणि मग मुलगा कार्ल रिशार्ड मोठा होऊन त्यानं तो हाती घेतला. म्हणजे मारियांच्या आधीही या घरात एका विधवेनं गिरणी चालवून दाखवली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'अबला बाई अचानक कारखानदार झाली' अशी चमत्कारकथा रचायचा मोह होतो. चमत्कार नव्हता. घराला तशी सवय होती आणि गावालाही.

मारिया 1839 च्या जन्माच्या. माहेरचं नाव योहानी, गाव ह्यूकेसवागेन. माहेर कापड गिरणीवाल्यांचं. मला हा योगायोग फार आवडतो. लोकर आणि ताण्याबाण्याच्या घरातली मुलगी अशा घरात आली जिथे कापडाचं आयुष्य संपल्यावर काम सुरू होई. त्या काळी चांगला कागद म्हणजे चिंध्यांचा कागद. लिननच्या आणि सुती कपड्यांच्या जुनेऱ्यातूनच तो होत असे.

1868 हे वर्ष ग्लाडबाखसाठी मोठं. गावाला रेल्वे आली आणि त्याच वर्षी कार्ल रिशार्ड यांनी गोर्सम्यूले ही गिरणी विकत घेतली. पुढे दीडशे वर्षं कारखान्याचं मुख्य आवार हेच राहिलं. पण त्यांना ते बघायला मिळालं नाही. 1870 मध्ये ते वारले. वय 44. मारिया 31 वर्षांच्या, थोरला मुलगा रिशार्ड 10 वर्षांचा, धाकटा हान्स 9 वर्षांचा. मुलं कर्ती होईपर्यंत कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

इथे कायद्याची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ऱ्हाइनलँडमध्ये नेपोलियनच्या काळापासून फ्रेंच नागरी कायदा चालत होता, तो थेट 1900 पर्यंत. त्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करारमदार करता येत नसत. विधवेला मात्र येत. म्हणजे नवरा असेपर्यंत जी बाई व्यवहारात सही करू शकत नव्हती, ती दुःखाच्या दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या कारखान्याची कर्ती होऊ शकत होती. कायद्याचा हा विचित्रपणा मारियांच्या आयुष्याच्या मुळाशी आहे.

आणि काळ कसला? 1871 मध्ये जर्मन साम्राज्य एक झालं, फ्रान्सकडून युद्धाची भरपाई आली, जो तो कारखाने काढत सुटला. मे 1873 मध्ये व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला आणि मागोमाग जर्मनीतल्या कंपन्या भराभर बुडाल्या. मग किमती वर्षानुवर्षं उतरत गेल्या. कागदाच्या धंद्यात तर दुसरंच वादळ चालू होतं. चिंध्या पुरेनात म्हणून लाकडाचा लगदा आला होता. फ्रीडरिश गोटलोब केलर या सॅक्सनीतल्या विणकरानं 1840 च्या दशकात लाकूड दळून लगदा करायची युक्ती काढली होती आणि 1870 पर्यंत ती गिरणीगिरणीत पोचली. लाकडाचा कागद स्वस्त पडे. आज माझ्या टेबलावर जे कागद बोट लावताच पापडासारखे मोडतात, ते बहुतेक त्या लाटेतले. ज्याला टिकायचं होतं त्याला ठरवावं लागलं: स्वस्ताच्या शर्यतीत उतरायचं की उंची कागद करत राहायचं. त्सांडर्स घराण्याचं नाव झालं ते उंची कागदामुळे. मारियांच्या हाती कारभार असतानाच, 1876 मध्ये, डोमबाखची जुनी गिरणीही घराकडे आली. मंदीच्या मध्यावर खरेदी करणारी बाई हिशेबात कच्ची नसणार.

डोमबाखची जुनी गिरणी आज कागदाचं संग्रहालय आहे, 1999 पासून. तुम्ही तिथे गेला नसाल तर पुढच्या वेळी आधी तिथेच जा. आत एक लाकडी बाक आहे, त्यावर पातं उभं ठोकलेलं, धार कामगाराच्या उलट बाजूला. बायका समोर बसून चिंधी दोन्ही हातांनी ताणून त्या पात्यावरून ओढत. शिवण उसवायची, बटण-हूक तोडायचे, कापडाचा पोत बोटांनी ओळखून वेगवेगळ्या खणांत टाकायचं. लिनन वेगळं, सुती वेगळं, रंगीत वेगळं, मळकं वेगळं. मी ती कृती करून पाहिली. पाच मिनिटांत मनगट भरून येतं आणि खोटं कशाला सांगू, पात्याची भीतीही वाटते. खऱ्या कामात त्यावर धुळीचा लोट असे. चिंध्या कुठून कुठून आलेल्या, आजाऱ्यांच्या अंगावरच्यासुद्धा. चिंध्या निवडणाऱ्यांचा आजार म्हणून युरोपात एक जीवघेणं दुखणं प्रसिद्ध होतं, ते म्हणजे आजचा अँथ्रॅक्स.

हे बाक पाहिल्याशिवाय व्हिलाचे झुंबर आणि जिने पाहू नयेत असं माझं मत आहे. त्या काळच्या कुठल्याही कागद घराण्याची कलेवरची माया याच बाकांवरून सुरू होते. मारिया त्यातून सुटलेल्या नाहीत. त्यांचं पुढचं सगळं काम मी मनापासून मानते, पण पैसा कुठून आला हे विसरून नाही.

त्याच संग्रहालयात गोर्सम्यूलेतलं 1889 चं कागदयंत्र ठेवलंय. 40 मीटर लांब, 5 मीटर उंच. 1991 पर्यंत ते चालू होतं. एका टोकाला जाळीवर पातळ लगदा पडतो, जाळी पुढे सरकताना हलत राहते, पाणी गळतं, मग लोकरीच्या जाड पट्ट्यांवरून तो ओला पापुद्रा रुळांमध्ये दाबला जातो, आणि वाफेनं तापलेल्या मोठमोठ्या लोखंडी पिंपांवरून फिरत फिरत सुकून दुसऱ्या टोकाला गुंडाळला जातो. हौदावर जे आम्ही एकेका तावासाठी करतो तेच, फक्त न थांबता.

हौदावरचं काम कसं असतं हेही दोन ओळींत सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. साचा, म्हणजे जाळी बसवलेली चौकट, लगद्याच्या हौदात तिरका घालायचा, आडवा करून उचलायचा आणि लगेच हलका झटका द्यायचा, एकदा डाव्या-उजव्या अंगाला, एकदा पुढे-मागे. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तंतू एकमेकांत गुंततात. वर पाण्याची चकाकी असते, ती एकाएकी विझते. चकाकी विझली की ताव बसला. त्यानंतर कितीही हलवा, काही फरक पडत नाही. झटका कमी पडला तर ताव एका दिशेनं फाटतो. पण एकटा साचेवाला कागद करत नाही. साचा घेणारा एक, ताव नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड कापडावर, उलटवणारा दुसरा, नमदे काढून ताव वेगळे करणारा तिसरा. तिघांची लय एक असावी लागते. एकाची चुकली की तिघंही थांबतात.

आता व्हिला. 1873-74 मध्ये, म्हणजे बाजार कोसळत असतानाच, कोलोनचे वास्तुविशारद हेर्मान ओट्टो प्फ्लाउमे यांच्या आराखड्यावर ही वास्तू उभी राहिली. फ्रेंच रेनेसान्सची छाप, उंच छपरं, गावाच्या मधोमध. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. धनिकांनी टेकडीवर दूर जाऊन राहायची पद्धत होती. पुढे मारियांच्या थोरल्या मुलानं लेर्बाखला हेच केलं. मारिया मात्र गावात राहिल्या. त्यांच्या खिडकीतून गाव दिसे आणि गावाला त्यांची खिडकी.

या घरी चित्रकार, गायक, विद्वान येत-जात. त्यांत सर्वांत जवळचं नाव संगीतकार माक्स ब्रूख यांचं. व्हायोलिन ऐकणाऱ्याला ब्रूख माहीत असतातच. जी मायनरमधलं त्यांचं पहिलं व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, आजही जगभर वाजतं. त्यांचा जन्म कोलोनचा, 1838 चा, म्हणजे मारियांहून वर्षभरानं मोठे. ग्लाडबाखच्या रानातल्या इगेलर होफ नावाच्या शेतवाडीवर ते लहानपणापासून राहायला येत. त्सांडर्स घराशी मैत्री जुळली ती जन्मभर टिकली. पुढे नोकरी त्यांना लिव्हरपूलला घेऊन गेली, ब्रेस्लाउला घेऊन गेली, 1890 नंतर बर्लिनला घेऊन गेली, पण सुटी मिळाली की पाय ग्लाडबाखकडे वळत. या वाडीवर बसून त्यांनी बरंच लिहिलं. गावातली संगीतशाळा आज त्यांच्याच नावानं चालते.

आश्रयदाती असण्याचा अर्थ इथे नीट पाहा. ब्रूख यांनी ते जगप्रसिद्ध कन्चेर्टो प्रकाशकाला एकरकमी विकून टाकलं होतं. नंतर ते हजारो वेळा वाजलं, त्यांच्या खिशात दिडकी आली नाही. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये अगदी ओढगस्तीत त्यांचे शेवटचे दिवस गेले. अशा माणसाला जन्मभर एक शांत जागा मिळणं, जिथे कुणी त्याला पाहुणा म्हणून मिरवत नाही, ही लहान गोष्ट नाही. कलावंताला पैसे देणारे पुष्कळ असतात. त्याला वेळ आणि निवांतपणा देणारे थोडे.

पण ब्रूख यांची स्वतःच्या काळातली कीर्ती त्या व्हायोलिनवर उभी नव्हती हे आज बहुतेकांना ठाऊक नसतं. ते गाजले ते समूहगानाच्या मोठ्या रचनांमुळे. गायकवृंद, वाद्यवृंद, एकल गायक मिळून तासन्तास चालणाऱ्या. अशा रचना गाणार कोण? दरबारात पगारी गायक शेदोनशे नसतात. त्या गात गावोगावच्या हौशी गायकमंडळ्या. कापूस विकणारे, मास्तर, मास्तरीणबाई, कारकून, त्यांच्या बायकामुली. एकोणिसाव्या शतकातलं जर्मन संगीत या मंडळ्यांच्या खांद्यावर उभं होतं.

1885 मध्ये मारिया त्सांडर्स यांनी ग्लाडबाखमध्ये अशीच मंडळी उभी केली. नाव सेसिलिया गायकवृंद, संगीताची संत मानल्या गेलेल्या सेसिलियावरून. एका गिरण्यांच्या गावात, जिथे सकाळी भोंगा होतो आणि संध्याकाळी माणसं थकून घरी जातात, तिथे माणसांना एकत्र बसवून स्वरलिपी वाचायला लावायची, सोप्रानो-आल्टो-टेनर-बास असे उंच ते खालच्या आवाजांचे चार गट करायचे, आठवड्याला तालीम घ्यायची आणि मोठमोठ्या रचना उभ्या करायच्या. ज्यांनी कधी वारकऱ्यांच्या दिंडीत टाळ धरलाय त्यांना यातली गंमत सांगायला नको. आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळतो तेव्हा माणूस बदलतो. पण दिंडीत चाल सगळ्यांची एकच असते. इथे चार आवाजांच्या चार वेगळ्या चाली एकाच वेळी सांभाळायच्या असतात, शेजारचा वेगळं गात असताना आपलं सोडायचं नाही. त्याला शिस्त लागते, आणि वर्षं लागतात.

मला यात हौदावरची तिघांची लय दिसते. ही माझी धंद्याची खोड म्हणा. पण माझी खात्री आहे की कारखाना चालवलेल्या बाईला हे ठाऊक असणार: चांगली गोष्ट एकट्याच्या प्रतिभेनं होत नाही, पुष्कळ हातांनी एकाच वेळी एकच काम नीट केलं की होते. त्यांच्या कलाश्रयात हीच दृष्टी पुन्हा पुन्हा दिसते. चित्रं विकत घेऊन भिंती भरण्यापेक्षा त्यांनी माणसं गोळा करून काम उभं करण्यावर आयुष्य घालवलं.

याला आणखी एक कारण होतं, ते राजकीय. प्रशियाच्या, म्हणजे हा भाग ज्या जर्मन राज्यात होता त्याच्या, 1850 च्या संघटना कायद्यानं बायकांना राजकीय संघटनांचं सभासद होता येत नसे. ही बंदी 1908 पर्यंत चालू होती. मत तर 1918 मध्ये मिळालं. म्हणजे गावातली सर्वांत मोठी रोजगारदाती बाई गावच्या राजकारणात औपचारिकपणे कुठेच नव्हती. सार्वजनिक जीवनात शिरायला तिला तीन दारं उघडी होती: धर्म, दानधर्म आणि कला. गायकमंडळी आणि एका जुन्या चर्चचं जतन यांतून तिनं जे केलं ते कलेचं काम होतं आणि त्याच वेळी गाव घडवण्याचंही. 'हौस' हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. पुरुष कारखानदारानं ज्या शक्तीनं नगरपालिका चालवली असती, ती शक्ती इथे गाण्यात आणि दगडात उतरली.

दगडाचं काम म्हणजे आल्टन्बेर्ग. बाईंचं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं काम हेच, म्हणून जरा थांबून सांगते.

ग्लाडबाखपासून जवळ, ध्यून नावाच्या नदीच्या खोऱ्यात, झाडीत दडलेलं एक प्रचंड गॉथिक चर्च, म्हणजे ख्रिस्ती मंदिर, आहे. सिस्टर्शियन या कॅथलिक साधूंच्या पंथाच्या मठाचं. पायाभरणी 1259, अभिषेक 1379. लोक त्याला बेर्गचं कॅथेड्रल म्हणतात. बेर्ग म्हणजे तो जुना प्रांत, ज्यावरून ग्लाडबाखला 'बेर्गिश' हे उपपद लागलं. सिस्टर्शियन साधूंना भपका वर्ज्य. शिखराचे मनोरे नाहीत, मूर्तींची गर्दी नाही. खिडक्यांची काचसुद्धा रंगीत नको, म्हणून त्यांनी राखाडी छटेच्या काचेवर पानाफुलांच्या वेली काढल्या. कमी रंगात किती करता येतं याचा तो वस्तुपाठ आहे. अपवाद पश्चिमेच्या खिडकीचा. ती 1400 च्या आसपासची, सोनेरी पिवळ्या काचांची, स्वर्गीय नगरीचं चित्र असलेली, आठ मीटर रुंद आणि अठरा मीटर उंच.

1803 मध्ये मठ खालसा झाला. आवार एका व्यापाऱ्याकडे गेलं आणि मठाच्या इमारतींत प्रशियन निळा रंग तयार करण्याचा कारखाना थाटला गेला. 1815 मध्ये तिथे आग लागली आणि ती मंदिराच्या छपराला भिडली. छप्पर गेलं की दगडी इमारतीचं काय होतं हे आपल्याला वाड्यांवरून ठाऊक आहे. पाणी मुरतं, चुना सुटतो, झाडं उगवतात. 1821 मध्ये एक भाग ढासळला, 1830 मध्ये आणखी. मग प्रशियाच्या राजांनी लक्ष घातलं, 1847 पर्यंत मंदिर पुन्हा उभं राहिलं आणि 1857 पासून तिथे कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघंही आपापल्या वेळी उपासना करू लागले. एका छपराखाली दोन पंथ. आजही तसंच चालतं.

पण राजानं एकदा दुरुस्त केलेली वास्तू आपोआप टिकत नसते. देखभालीला दरसाल पैसा लागतो, पाथरवट लागतात, लक्ष देणारी माणसं लागतात. राजाश्रय येतो आणि जातो. 1894 मध्ये मारिया त्सांडर्स यांच्या पुढाकारानं आल्टन्बेर्ग कॅथेड्रल संघटना स्थापन झाली. वर्गणी, देणग्या, लोकांचा सहभाग. बाईंना एकट्यानं धनादेश फाडून आपल्या नावाची कोनशिला बसवता आली असती. त्यांनी सभासद गोळा केले. त्यामुळे काम त्यांच्यासोबत संपलं नाही. संघटना आजही आहे, आज सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी. जतनाच्या कामात जन्म घालवलेली बाई म्हणून सांगते, दुरुस्ती करणारे खूप भेटतात. दुरुस्तीनंतरची शंभर वर्षं कोण बघणार याची आधीच तजवीज करणारे क्वचित भेटतात. माझ्याकडे देवस्थानांची, संस्थानांची दप्तरं येतात. एखाद्या दात्यानं कधीतरी बांधून घेतलेले सुंदर कपाट असतं आणि आत वाळवीनं केलेला भुगा. कपाटाला दाता मिळाला होता, वर्षातून दोनदा ते उघडून बघायला कुणी मिळालं नव्हतं.

1904 मध्ये मारिया गेल्या. मुलांनी कारखाना आधीच हाती घेतला होता. थोरल्या रिशार्डच्या पत्नी आना या वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या कन्या. तेच सीमेन्स, ज्यांच्या घराण्याच्या कंपनीनं लंडनहून तेहरानपर्यंत तार ओढली आणि 1870 मध्ये लंडनचा निरोप कलकत्त्याला मिनिटांत पोचू लागला. रिशार्ड-आना या जोडप्यानं 1897 पासून ग्रोनाउअर वाल्ड ही बागांची वसाहत उभारायला घेतली. वास्तुविशारद लुडविग बोप्प. कामगारांना आणि साध्या नोकरदारांना बागेसकट स्वतःचं घर, चाळीतली खोली नव्हे. जर्मनीतल्या अशा वसाहतींमधली ही फार आधीची. रिशार्ड 1906 मध्येच वारले, मग आनांनी काम पुढे नेलं. घरातली तिसरी विधवा.

कारखान्याचं पुढचं चटकन सांगते. विसाव्या शतकात तो खूप मोठा झाला. पुण्यातल्या जुन्या छपाईवाल्यांना 'क्रोमोलक्स' हे नाव आठवत असेल, एका बाजूला आरशासारखा चकचकीत कागद. मी पहिल्यांदा तो एका नमुनावहीत पाहिला तेव्हा त्यात स्वतःचा चेहरा दिसतो का म्हणून तिरका करून बघितला होता. तो ग्लाडबाखचा. 1989 मध्ये मालकी अमेरिकी कंपनीकडे गेली, नंतर फिनलंडच्या, नंतर गुंतवणूकदारांकडे. 2018 मध्ये दिवाळं निघालं, 2021 मध्ये यंत्रं कायमची थांबली. जवळजवळ दोनशे वर्षांचा धंदा, आणि सुमारे 440 वर्षांची कागदाची परंपरा, त्या ओढ्यावर संपली. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या तिथे राबल्या त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. आमच्याकडेही कागदी घराण्यांत शेवटचा साचा भिंतीला टांगलेला मी पाहिलाय.

कारखाना गेला आणि बाईंनी उभं केलेलं बरंच काही राहिलं. व्हिला 1992 पासून शहराचं कलादालन आहे, आणि त्याचा जो संग्रह जगात वेगळा ठरतो तो कागदापासून केलेल्या कलेचा. कागदावर काढलेली चित्रं नव्हेत. कागद हेच साहित्य: ओतलेला, दुमडलेला, जाळलेला, कातरलेला, भिजवून शिल्पासारखा घडवलेला. तुम्ही लिहिलंय की त्या पांढऱ्या पांढऱ्या कलाकृतींपुढून तुम्ही लवकर निघालात. मी समजू शकते. पण पुढच्या वेळी त्यांच्याकडे समोरून न बघता बाजूनं बघा, जिथे खिडकीचा उजेड तिरका पडतो. मग तंतूंची दिशा दिसते, कडेला लगदा कुठे जाड साचला ते दिसतं, झटका कसा बसला ते दिसतं. ओतीव कागदात चुणी पडते ती सुकताना पडते, एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा सुकल्यामुळे. चांगला कलाकार ती चुणी टाळत नाही, तिची वाट बघतो.

तर जायचं झालं तर माझ्या मते क्रम असा ठेवा. कोलोनहून अकरा नंबरची लोकल थेट ग्लाडबाखला शेवटच्या स्थानकावर नेते. सकाळी डोमबाख करा, चिंध्यांच्या बाकाशी जरा उभे राहा, जमलं तर स्वतः एक ताव उचलून बघा. दुपारी व्हिला. आणि ऊन उतरू लागलं की आल्टन्बेर्गला पोचा, मंदिरात जाऊन पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून बसा. सूर्य त्या काचेमागे येतो तेव्हा करड्या दगडावर पिवळा उजेड हळूहळू पसरत जातो. कुठल्यातरी गायकवृंदाची तालीम चालू असेल, तर ती संपेपर्यंत उठू नका.